प्राणवायूच्या पायऱ्या



परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे एक जुने गाव आहे. या गावात अनेक प्राचीन बारवा असून त्यांपैकी एक आपल्या विलक्षण रचनेमुळे दूरदूरच्या लोकांस ठाऊक झाली आहे. सामान्यतः बारवेच्या पायऱ्या सरळ रेषेत किंवा चहूबाजूंनी टप्प्याटप्प्याने खाली उतरतात. परंतु या बारवेच्या पायऱ्या शंखाच्या वळशाप्रमाणे गोल गोल फिरत तळाशी जातात. अलीकडे ग्रामस्थांनी व बारवप्रेमी मंडळींनी श्रमदान करून तिच्यातील गाळ व झाडझाडोरा काढला, त्यामुळे तिचे मूळचे सौंदर्य पुनः दृष्टीस पडू लागले आहे. विहिरीच्या काठावरून पाण्यात एकदम उडी घेणे निराळे आणि अशा बारवेत एकेक पायरी उतरत पाण्यापाशी जाणे निराळे. वातावरणातील प्राणवायूही आपल्या देहातील सूक्ष्म पेशींपर्यंत असाच पायरीपायरीने, प्रत्येक पायरीस कमी कमी होत पोहोचतो. या पायऱ्या कोणत्या, आणि पेशींच्या आरोग्याशी व वार्धक्याशी त्यांचा संबंध काय, याचे यथामति विवेचन करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

या लेखाचे निमित्त असे घडले की, वर्गात प्राणवायूचा पाठ चालला असता एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, "गुरुजी, ज्या वायूवाचून मनुष्य पाच मिनिटेही जगू शकत नाही, तो वायू अधिकाधिक घेतला, तर मनुष्य अधिकाधिक वर्षे जगेल काय?" प्रश्न ऐकून कित्येक मुले हसली, परंतु तो हसण्याजोगा खचित नव्हता. इ. स. २०२१ च्या एप्रिल महिन्यात महामारीच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्रात हाहाकार उडविला, तेव्हा प्राणवायूच्या नळकांड्यासाठी लोक रात्रंदिवस धावत होते. त्या महिन्याच्या १९ तारखेस मुंबईनजीकच्या कळंबोलीहून रिकाम्या टाक्या घेऊन एक आगगाडी विशाखापट्टणास गेली आणि द्रवरूप प्राणवायू भरून नागपूर व नाशिक येथे परतली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांस प्राणवायू म्हणजे साक्षात् संजीवनी वाटावी यात नवल नाही. तथापि शास्त्राचे उत्तर याहून अधिक सूक्ष्म आहे. ते समजण्यासाठी आपण प्रथम बारवेच्या काठावर, म्हणजे उघड्या हवेत उभे राहू.

आपल्या सभोवतालच्या हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायू व सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. उरलेल्या एका भागात इतर वायू येतात. स्वीडनमधील शील व इंग्लंडमधील प्रीस्टले या दोघांनी हा वायू स्वतंत्रपणे शोधून काढला. प्रीस्टलेचा प्रयोग १७७४ सालचा. पुढे फ्रान्स देशातील लाव्हाझिए याने ज्वलन व श्वसन या दोन्ही क्रियांत हाच वायू खर्ची पडतो, हे सिद्ध करून दाखविले. दिव्याची ज्योत आणि मनुष्याचा श्वास ही एकाच वायूवर चालतात, हे त्या काळी लोकांस मोठे आश्चर्य वाटले असले पाहिजे.

याचा पडताळा घरच्या घरी पाहता येतो. वडील माणसांस जवळ बसवून एक मेणबत्ती पेटवावी व तिजवर काचेची बरणी उपडी घालावी. थोड्याच वेळात ज्योत मंद होऊन विझते. पुष्कळांचा असा समज असतो की, बरणीतील सर्व प्राणवायू संपला म्हणून ती विझली. परंतु ते बरोबर नाही. प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ वरून सुमारे १६ वर आले की ज्योत टिकत नाही. बराचसा प्राणवायू बरणीत शिल्लकच असतो. यावरून असे ध्यानात येते की, प्राणवायू आहे किंवा नाही एवढाच प्रश्न नसून, तो किती आहे हा खरा प्रश्न होय.

येथे एक इशारा दिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. आपल्याकडे खेडोपाडी जुन्या, अरुंद व पडिक विहिरी पुष्कळ. तळाशी कुजणारा पालापाचोळा प्राणवायू खाऊन टाकतो आणि कर्बाम्लवायू, ज्यास हल्ली कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो हवेहून सुमारे दीडपट जड असल्यामुळे तेथेच साचून राहतो. अशा विहिरीत उतरलेला मनुष्य ओरडण्याचाही अवकाश न मिळता मूर्च्छित होतो. त्यास वाचविण्यास भाऊ उतरतो, त्याच्यामागून शेजारी उतरतो, आणि एकाच घरावर दोनतीन आघात होतात. पूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत होती. पण काही विहिरींत ज्वालाग्राही वायू असतो व ज्योतीने त्याचा भडका उडतो, आणि काही विषारी वायू असे असतात की ते असतानाही ज्योत जळत राहते. यास्तव कंदिलावर विसंबू नये. खाली कोणी निपचित पडलेला दिसला तर स्वतः न उतरता अग्निशामक दलास बोलवावे. धैर्य चांगले खरे; पण येथे विचारावाचून केलेले धैर्य घातक होते.

आता आपण पायऱ्या उतरू लागू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो, त्यात प्राणवायूचा वाटा सुमारे १६० होय. ही झाली सर्वांत वरची पायरी. नाकातून व श्वासनलिकेतून जाताना हवा ओलसर होते आणि हा आकडा सुमारे १५० वर येतो. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश आहेत. ते सर्व पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, असा अजमास आहे. तेथे प्राणवायूचा दाब सुमारे १०० राहतो. रोहिणीतील शुद्ध रक्तात तो ९५ च्या आसपास असतो. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य आहे. त्याचा प्रत्येक रेणू प्राणवायूचे चार रेणू आपल्या पाठीवर घेतो आणि जेथे गरज असेल तेथे उतरवितो. पुढे सूक्ष्म केशवाहिन्यांतून प्राणवायू मांस, मेंदू, यकृत इत्यादिकांच्या पेशींपाशी पोहोचतो, तेव्हा हा दाब बहुतेक ठिकाणी २० ते ४० इतकाच उरतो. हवेच्या भाषेत सांगावयाचे, तर वर शेकडा २१ असलेला प्राणवायू पेशींच्या अंगणात शेकडा तीन ते पाच एवढाच असतो. पेशीच्या आत शिरल्यावर तर तो याहूनही उतरतो.

कोणी म्हणेल, हा तर देहाच्या रचनेतील दोष झाला. एवढा प्राणवायू वाटेतच का कमी व्हावा? मित्रहो, हा दोष नव्हे. प्राणवायू हा जसा प्राणदाता तसा दाहकही आहे. ज्याने लाकूड जळते व लोखंड गंजते, तोच हा वायू. पेशीच्या पोटात मायटोकाँड्रिया नावाच्या अतिसूक्ष्म भट्ट्या आहेत. तेथे अन्नरसाचा व प्राणवायूचा संयोग होऊन शक्ती निर्माण होते. चूल कितीही चांगली असली तरी एखादी ठिणगी बाहेर उडतेच. तद्वत् या भट्ट्यांतूनही प्राणवायूचे काही उग्र रूपांतर झालेले कण निसटतात. ते पेशीच्या पडद्यांस, प्रथिनांस व आनुवंशिक द्रव्यासही इजा करतात. वार्धक्याचे एक मूळ यातच असावे, असे मत अमेरिकेतील डेन्हॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडले. पुढे १९६९ साली मॅकॉर्ड व फ्रिडोविच या दोघांनी असे दाखवून दिले की, या ठिणग्या विझविणारे एक विकर पेशींनी स्वतःच बाळगलेले असते. म्हणजे आग आहे तेथे पाण्याची घागरही निसर्गाने भरून ठेविली आहे. हार्मन यांचे मत आज सर्वस्वी जसेच्या तसे कोणी धरीत नाही, कारण थोड्या ठिणग्या पेशींस उपयुक्त निरोप पोहोचविण्याचेही काम करतात, असे आढळून आले आहे. तथापि त्यातील मूळ कल्पनेने संशोधनास मोठी चालना दिली.

पेशी म्हाताऱ्या होतात म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलेक्सिस कॅरेल यांच्या सांगण्यावरून सर्वांची अशी समजूत झाली होती की, पेशी देहाबाहेर काढून नीट जोपासल्या तर त्या अमर होतात. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी ही समजूत खोटी ठरविली. मनुष्याच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा दुणावतात आणि नंतर थांबतात. मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. यासच पेशींचे वार्धक्य म्हणतात. याचे एक कारण असे की, बुटाच्या नाडीच्या टोकास ती उसवू नये म्हणून जशी नळी बसविलेली असते, तशी पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांस टेलोमिअर नावाची टोपणे असतात. पेशी विभागली की दर वेळी हे टोपण थोडे झिजते. ते फार आखूड झाले की पेशी आपले विभाजन थांबविते.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास थेट भिडणारे प्रयोग ऐका. प्रयोगशाळेत पेशी काचपात्रात ठेवितात, तेव्हा बहुधा साध्या हवेतील, म्हणजे शेकडा सुमारे २० प्राणवायू त्यांस मिळतो. देहातील त्यांच्या अंगणाहून कितीतरी अधिक. १९७७ साली पॅकर व फ्यूर यांनी मनुष्याच्या पेशी शेकडा १० प्राणवायूत वाढविल्या, तो त्या साध्या हवेतील पेशींपेक्षा अधिक वेळा दुणावल्या. १९९५ साली फॉन त्स्ग्लिनिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या उलट केले; पेशींस शेकडा ४० प्राणवायूत ठेविले. त्या लवकर थकल्या आणि त्यांची टोपणे कित्येक पटींनी वेगाने झिजली. २००३ साली कॅलिफोर्नियात उंदराच्या पेशींवर झालेला प्रयोग तर फारच बोलका आहे. शेकडा २० प्राणवायूत त्या थोड्याच पिढ्यांत वृद्ध झाल्या. शेकडा तीनमध्ये मात्र त्या वाढतच राहिल्या. या सर्वांचे तात्पर्य असे की, पेशींस काठावरचा प्राणवायू मानवत नाही. तळाच्या पायरीवरचाच मानवतो.

परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे चालताबोलता प्राणी नव्हे, ही शंका रास्त आहे. २०२३ साली अमेरिकेत रॉबर्ट रॉजर्स, वंशी मूठा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली वृद्ध होणाऱ्या एका जातीच्या उंदरांस शेकडा ११ प्राणवायूच्या हवेत ठेविले. साध्या हवेत ज्यांचे आयुष्य सुमारे १६ आठवडे, ते उंदीर या विरळ हवेत सुमारे २४ आठवडे जगले. हे ऐकून कोणी तोंडावर उशी घेऊन निजू नये! हे उंदीर विशिष्ट रोगाचे होते, आणि मनुष्यास हाच नियम लागू पडतो असे कोणीही सिद्ध केलेले नाही.

अतिरिक्त प्राणवायूचा अपाय मनुष्यजातीने मात्र प्रत्यक्ष भोगला आहे. फ्रान्समधील पॉल बेर यांनी १८७८ साली असे दाखविले की, दाबाखालील प्राणवायूने प्राण्यांस आचके येतात. १८९९ साली लोरेन स्मिथ यांनी त्याने फुप्फुसे सुजतात असे सिद्ध केले. तरीही पुढील शतकात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस काचेच्या पेटीत ठेवून भरपूर प्राणवायू देण्याची पद्धत पडली. हेतू अत्यंत दयाळू होता. परंतु १९४० नंतरच्या सुमारे बारा वर्षांत निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे दहा हजार बालके आंधळी झाली. १९५१ साली मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्बेल यांनी अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखविले आणि पुढील तीन वर्षांत मोठ्या तुलनात्मक परीक्षणाने ते खरे ठरले. डोळ्याच्या मागील पडद्यावरील कोवळ्या रक्तवाहिन्या त्या प्राणवायूने बिघडत होत्या. आज अशा बालकांस प्राणवायू देताना त्याचे माप डोळ्यांत तेल घालून पाहतात. दयेस मापाची जोड नसेल तर काय होते, याचे याहून करुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अतिरेकाची बाजू झाली. आता उणिवेची बाजू पाहू, कारण आपल्या भागातील घरांचा संबंध अधिक करून हिच्याशीच येतो. प्राणवायू कमी पडला हे पेशीस कसे कळते, याचा उलगडा केलिन, रॅटक्लिफ व सेमेंझा या तिघांनी केला व त्याबद्दल त्यांस २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राणवायू उणा झाला की पेशीतील एक द्रव्य जागे होते आणि ते नव्या रक्तवाहिन्या व नव्या तांबड्या पेशी करविण्याची आज्ञा देते. डोंगरावर राहणाऱ्यांचे रक्त दाट होते ते यामुळेच. पण उणीव फार किंवा दीर्घकाळ राहिली तर ही सोय अपुरी पडते. हृदयावर ताण पडतो, मेंदू मंदावतो आणि पेशींच्या भट्ट्या नीट पेटत नाहीत.

ही उणीव डोंगरावर न जाताही घरात येऊ शकते. पहिली वाट रक्तक्षयाची. बाहेर हवा मुबलक असूनही रक्तात हिमोग्लोबिनरूपी हमालच थोडे असले, तर माल पोहोचणार कसा? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलगी वर्गात पेंगते, जिना चढताना धापते, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून बोलणी खाते. तिचा अपराध आळसाचा नसून रक्तातील लोहाच्या उणिवेचा असू शकतो. पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. बाजरी, हुलगे, मटकी, तीळ, अळीव व पालेभाज्या आहारात असाव्यात. वर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा पिऊ नये, तो लोहास अडवितो. शाळेत आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी व मुलांनी खिडकीबाहेर न टाकता जेवणानंतर घ्यावी. थकवा फार असेल तर रक्त तपासून वैद्याचा सल्ला घ्यावा.

दुसरी वाट धुराची. थंडीच्या रात्री दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवणे म्हणजे मृत्यूस अंथरुणाशेजारी बसविणे होय. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू निघतो व तो हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. बिडीसिगारेटच्या धुरातही हाच वायू असतो. तंबाखूचा धूर प्राणवायू कमी करतो आणि वर ठिणग्यांची भर घालतो, दोन्हीकडून तोटा. ज्या घरी अद्याप चूल पेटते, तेथे धूर बाहेर जाण्यास वाट असावी व लहान मुलांस चुलीपाशी निजवू नये.

इतके वाचल्यावर कोणी विचारील की, प्राणवायूने तारुण्य परत आणण्याच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांत तथ्य किती? २०२० साली इस्राएल देशातील संशोधकांनी ६४ वर्षांवरील ३५ निरोगी मनुष्यांस दाबाच्या कोठडीत बसवून साठ वेळा प्राणवायू दिला व त्यांच्या रक्तातील काही पेशींची टोपणे लांबल्याचे प्रसिद्ध केले. त्या प्रयोगात प्राणवायू सतत न देता मधून मधून थांबवीत होते. शिवाय तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला दुसरा गट नव्हता. यास्तव एवढ्यावरून आयुष्य वाढते असे म्हणणे घाईचे ठरेल. ठिणग्या विझविणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. फिनलंडमध्ये विडी ओढणाऱ्या पुरुषांस गाजरातील पीतद्रव्याच्या गोळ्या दिल्या, तो १९९४ साली असे उघडकीस आले की, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढलाच. गाजर खाणे निराळे आणि त्यातील एकच द्रव्य मूठभर गिळणे निराळे.

मग करावे तरी काय? उपाय साधे आहेत. रोज मैदानावर खेळावे, धावावे, पोहावे. व्यायामाने स्नायूंतील भट्ट्यांची संख्या वाढते, केशवाहिन्या वाढतात, आणि ठिणग्या विझविण्याची पेशींची स्वतःची शक्तीही वाढते. निजण्याची खोली हवेशीर असावी. तंबाखूस स्पर्श करू नये. ताप व खोकला असता बोटास लावावयाच्या मापकात प्राणवायूचा आकडा ९४ च्या खाली दिसला, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा. आणि तेथे वैद्य सांगेल तितकाच प्राणवायू घ्यावा. आजाऱ्यास तो औषध आहे, आणि औषधास मात्रा असते.

त्या विद्यार्थ्यास आम्ही जे उत्तर दिले ते असे : "बाळ, प्राणवायू अधिक घेतल्याने आयुष्य वाढत नाही आणि उणा पडल्यास ते टिकत नाही. तुझ्या देहात त्याच्या पायऱ्या निर्मात्याने मोजून बांधल्या आहेत. तू त्या पडू देऊ नकोस, एवढेच तुझे काम." त्याने हे वहीत लिहून घेतले. पुढे आमच्या असे कानी आले की, त्याने घरी जाऊन प्रथम आजीच्या खोलीतील शेगडी अंगणात नेऊन ठेविली. पाठ समजल्याची याहून चांगली खूण आम्हांस नको.